पंखा फिरतो, मग कॉम्प्युटर सुरू काऊन होत नाही?

नमस्कार राजेहो. मागचा व्हिडिओ प्रिंटरचा होता, तर खाली प्रिंटरचे प्रश्न यायला पाहिजे होते. पण नाही. "दादा, घरचा जुना कॉम्प्युटर सुरूच होत नाही." "भाऊ, पंखा तं फिरून राहिला, पण स्क्रीन काळीच." एकामागे एक हेच. आणि हे आत्ताच काऊन विचारून राहिले तेही मला माहीत आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले, मोबाईलवर फॉर्म भरून भरून पोट्टे वैतागले. मग उन्हाळाभर चादरीखाली असलेला कॉम्प्युटर बाबांनी काढला, फडक्याने पुसला, बटण दाबलं. काहीच नाही! आमच्या दारव्ह्याच्या दुकानात जून महिना म्हणजे हाच सीझन.

पहिले सोप्या गोष्टी पटापट सांगतो, त्यावर वेळ घालवत नाही. बोर्डात लाईट आहे का ते मोबाईलचा चार्जर लावून पाहा. यूपीएस असेल तर तो बाजूला काढा आणि पिन सरळ भिंतीच्या बोर्डात लावा, कारण बॅटरी मेलेला यूपीएस बरेचदा स्वतःच उठत नाही आणि शिव्या कॉम्प्युटरला बसतात. मागे एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या सामानाला लाईट देणाऱ्या डब्ब्यावर, छोटा काळा खटका असतो, तो पुसताना बंद झाला असेल. मॉनिटरची वायर दोन्हीकडून घट्ट लावा. बटणच खराब आहे अशी शंका असेल तर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या सर्किटच्या पाटीवर, बटणाच्या दोन पिना असतात, त्या स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर एकमेकींना टेकवा. सुरू झाला तर दोष बटणाचा. झालं, पुढे चला.

नाही, थांबा. जुन्या एसएमपीएसवर मागे एक लाल खटका असतो, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असते. तो २३० वरच पाहिजे. लहान पोरं त्याला खेळणं समजतात. ११५ वर करून लाईट दिली की "फट्ट" असा आवाज येतो, आणि मग हा व्हिडिओ तुमच्या कामाचा राहत नाही.

आता एक कॉमेंट. प्रत्येक व्हिडिओखाली असते: "दादा, फॉरमॅट मारून पाहू का?" अरे बाप्पा, स्क्रीनवर अक्षर उमटत नाही तर फॉरमॅट मारणार कुठे? फॉरमॅट ही विंडोजची भानगड आहे. विंडोज हार्ड डिस्कवर असते, आणि कॉम्प्युटर तिथपर्यंत पोहोचण्याआधीच अडकून पडला आहे. कंपनीचं नाव किंवा काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली, आणि त्याच्या पुढे गाडी अडली, तर विंडोजचं बोलू. आज आपण त्याच्या अलीकडचं बोलून राहिलो.

तर मुद्दा पंख्याचा. ऐकून घ्या, कारण यावर माझं गिऱ्हाइकांशी रोज भांडण होते. "पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला आहे" हे साफ खोटं आहे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा डब्बा, ज्यातून रंगीबेरंगी वायरी निघतात. घरची २३० व्होल्टची लाईट घेतो आणि आतल्या सामानाला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. पिवळी वायर १२ ची, लाल ५ ची, नारंगी ३.३ ची. पंखा चालतो १२ वर, पण तो बिचारा सात-आठ व्होल्टवरही फिरतो, जरा हळू फिरतो एवढंच. मदरबोर्डचं तसं नाही. त्याला १२ च्या जागी निदान ११.४ पाहिजे आणि ५ च्या जागी निदान ४.७५. त्याच्या खाली गेलं की तो काम करेल याचा भरवसा नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर शेतातली मोटर कशी फिरते पण पाणी फेकत नाही, तसंच हे.

खाली कोणीतरी लिहीलच की "भाऊ, मी हिरवी वायर काळीला जोडून चेक केला, पंखा फिरला, एसएमपीएस ओके." हिरवी-काळीची युक्ती चांगली आहे, मीही करतो. मोठ्या २४ पिनी प्लगात हिरवी वायर एकच असते. प्लग मदरबोर्डातून काढायचा, वायरच्या तुकड्याने हिरवी आणि बाजूची काळी जोडायची, मग लाईट द्यायची. पंखा फिरलाच नाही तर एसएमपीएसवर शंका घ्यायला चांगली जागा आहे. पण फिरला तर? तर डब्बा उठला, एवढंच कळलं. तेव्हा त्याच्यावर वजन कुठं होतं? ना प्रोसेसर, ना हार्ड डिस्क. रिकामी बैलगाडी तर कोणीही ओढते!

पटलं नसेल तर तिसऱ्या बाजूने सांगतो. त्याच प्लगात एक राखाडी वायर असते. सगळे व्होल्टेज जागेवर आले की एसएमपीएस त्या वायरवरून मदरबोर्डाला निरोप देतो की आता कर सुरू. अर्ध्या सेकंदाच्या आत यायचा निरोप असतो तो. नाही आला तर बोर्ड प्रोसेसरला अडवून ठेवतो. म्हणजे दृश्य काय दिसते? पंखे फिरून राहिले, लाईट लागून राहिली, स्क्रीन काळी, बीप नाही. तुम्ही कॉमेंटमध्ये लिहून राहिले अगदी तेच! आणि अजून एक खूण सांगतो. पहिल्या दाबाला सुरू होत नाही, चार-पाच वेळा दाबलं की होते, एकदा गरम झाला की दिवसभर चालतो. असं असेल तर एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, वाळत आलेत असं समजा.

मागे दिग्रसकडून एक रिटायर गुरुजी आले होते. कॅबिनेट मोटरसायकलवर पोत्यात बांधून आणलेलं. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, बोर्ड गेला, या मॉडेलचा बोर्ड आता भेटत नाही, नवीन घ्या. मी मल्टीमीटर काढलं तर गुरुजी म्हणाले, "अरे बावा, पंखा तं मस्त फिरून राहिला, ते काय मोजतं?" चालू असतानाच मोजलं. पिवळ्या वायरवर दहाच्या आसपास, आणि आकडा एका जागी थांबतही नव्हता. दुसरा एसएमपीएस लावला, एक बीप झाली, आणि नातवाचा फोटो स्क्रीनवर. गुरुजींना बोर्डाचा आनंद कमी झाला आणि ज्यानं बोर्ड गेला म्हणून सांगितलं त्याचा राग जास्त आला. तो राग त्यांनी माझ्या दुकानात बसून, चहा पिऊन काढला.

मोजायचं कसं ते पाहा, कॅमेरा जवळ आणतो. साधं पिवळं मल्टीमीटर, दोन-अडीचशेत भेटते. खटका डीसी २० वर. लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात, दहा ॲम्पियरच्या भोकात चुकूनही नाही, तिथं लावून मोजलं तर शॉर्ट होते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये पांढरा, चार भोकांचा प्लग रिकामा लोंबत असतो: पिवळी, दोन काळ्या, लाल. कॉम्प्युटर चालू ठेवा. काळी सुई काळ्यात, लाल सुई पिवळ्यात. ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे. मग लाल वायरीत, तिथं ४.७५ ते ५.२५. सुया एकमेकींना टेकू देऊ नका. झालं काम.

फक्त डब्बा उघडू नका. वायरी बाहेर आहेत, बाहेरूनच मोजा. आत २३० ची लाईट डीसी होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते, आणि पिन काढल्यावरही काही वेळ तिथंच राहते. जाळीतून टॉर्च मारून पाहायला हरकत नाही. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर आत वाळलेली पाल दिसते कधी कधी, तेव्हा मोजायचीही गरज नसते.

एसएमपीएस बरोबर निघाला तर रॅम, म्हणजे मदरबोर्डात बसणारी मेमरीची पट्टी. इथं विदर्भाचा खास आजार आहे: कूलर. एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस डिग्री, खिडकीत कूलर, आणि त्याच्या हवेच्या बरोबर तोंडासमोर कॉम्प्युटरचा टेबल. ती ओली हवा दोन महिने कॅबिनेटमध्ये जाते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडतात, सॉकेटमध्ये धूळ चिकटून बसते. चालू केल्यावर लांब बीप, थांबून परत लांब बीप येत असेल तर बहुतेक बोर्डांवर ती रॅमचीच तक्रार असते. स्पीकर नसेल तर बीप येणारच नाही, तेही लक्षात ठेवा.

पिन काढा, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. मग रॅम काढा. पट्ट्यांवर पोरांचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा ब्रशने झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. एका भावाने कॉमेंटमध्ये पॉलिश पेपरने घासायचा सल्ला दिला, त्याला सत्तर लाईक! भाऊ, तो सोन्याचा मुलामा आहे, विळ्याचं पातं नाही. परत बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं दाबा, बाजूचे क्लिप स्वतःहून उठून "टक्" वाजले पाहिजेत. दोन रॅम असतील तर एकच लावून पाहा, मग दुसरी, मग जागा बदलून.

बाकी थोडक्यात. बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मेला की तारीख मागे जाते आणि स्क्रीन एफ-वन दाबायला सांगते. तीस-चाळीस रुपयांचा आहे, बदला. प्रोसेसरजवळचे कपॅसिटर पाहा, डोकं सपाट पाहिजे, फुगलं किंवा वर तपकिरी डाग असेल तर तो बदलणाऱ्या माणसाकडे न्या. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग होता. सुरू होऊन काही सेकंदांत बंद होत असेल तर प्रोसेसरवरचा पंखा हलवून पाहा. इंटेलच्या जुन्या बोर्डावर त्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, एखादी सुटलेली असते.

आणि "एवढं कायले करता, नवीन घ्या" म्हणणाऱ्यांसाठी. फॉर्म भरायला, प्रिंट काढायला, टायपिंग शिकायला कोअर टू डुओ (इंटेलचा जुना प्रोसेसर) असलेला कॉम्प्युटर आजही चालतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणून जुन्या विंडोजवर बँकेचं काम मी करू देत नाही. पण एसएमपीएस, रॅम, सेल यांच्या पलीकडे बोर्डच गेला असेल तर पैसे घालू नका, नागपूरच्या सीताबर्डीला जाऊन जुना बोर्ड शोधण्यातही नाही. हार्ड डिस्क काढून घ्या. लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले सगळं तिच्यातच आहे, ती बहुतेक चांगली असते, आणि यूएसबीच्या वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लागते. टक-टक आवाज करत असेल तर मात्र परत परत चालू करू नका.

कॉमेंट करताना तीन गोष्टी लिहा: बीप येते का आणि कशी, पिवळ्या वायरवर आकडा किती, लाल वायरवर किती. नुसतं "दादा पंखा फिरतो" लिहिलं तर मी परत हाच व्हिडिओ पाठवीन.