माइक नसताना

दृश्य: रात्र. मंडप, रंगमंचावरचे दिवे. ऑर्गनचा सूर.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, हे या नाटकांचं ठाणं. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या या गावात नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीने दिसतात. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रंगमंचावर माइक टांगलेले, बाजूला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. गाणारी मुलगी माइकखाली येते, मान वर करते आणि टिपेचा सूर लावते.

ही मान नीट बघून ठेवा. ही गायिका पुढे ऑपेरा, म्हणजे युरोपातलं गाऊन सादर होणारं नाटक, शिकायला इटलीतल्या उन्हाळी शिबिरात गेली, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ या मानेवरच गेला.

मान वर गेली की स्वरयंत्र वर ओढलं जातं, हनुवटीखालचे स्नायू ताठ होतात आणि आवाज पातळ, धारदार निघतो. माइकला तो चालतो, मागच्या रांगेलाही चालतो. पण हंगामात रात्रीमागून रात्र असं गायल्यावर स्वरतंतूंच्या पुढच्या एक तृतीयांशावर, जिथे दोन्ही तंतू सर्वांत जोरात आपटतात तिथे, बारीक गाठी धरतात. गावात म्हणतात, "घसा बसला". बसलेला घसा घेऊनच पुढच्या गावाची गाडी पकडली जाते.

दृश्य: मे महिना. जंगलातून येणाऱ्या बाया, डोक्यावर तेंदूपत्त्याचे गाठोडे. अंगणात पुडे बांधणारे हात.

उन्हाळ्यात नाटक थांबतं. घरची माणसं पहाटेच पत्ता तोडायला जातात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करतात तिथे, देतात. धानाच्या रोवणीला अजून अवकाश असतो. झाडीपट्टीच्या कलाकाराला शिकायला मोकळा मिळतो तो एवढाच काळ, आणि युरोपातली ऑपेराची उन्हाळी शिबिरंही नेमकी जून-जुलैत असतात.

निवड ध्वनिमुद्रण पाठवून होते. एकच टेक, कापाकापी नाही, साथीला पियानो, कॅमेऱ्यात पूर्ण शरीर दिसलं पाहिजे. खरा अडसर येतो तो व्हिसाला. इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क 90 युरो, वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा, शिबिराचं पत्र, राहण्याची सोय, बँकेचा उतारा. अडतं ते उताऱ्यावर. इथे नाइटचे, म्हणजे एका प्रयोगाचे, पैसे रोख मिळतात. हंगामभर राबलेल्या गायिकेच्या खात्यात काहीच दिसत नाही. ज्याला पुढेमागे जायचं आहे त्याने मानधन आतापासून खात्यात घ्यावं आणि आयकराचं विवरणपत्र भरावं. बोटांचे ठसे द्यायला मात्र स्वतः व्हिसा केंद्र गाठावं लागतं.

दृश्य: डोंगरावरचं दगडी गाव, अरुंद गल्ल्या, उघड्या खिडकीतून पियानो.

हा इटलीचा उंब्रिया प्रांत. इथल्या लहान लहान गावांनाही स्वतःची नाट्यगृहं आहेत. माँते कास्तेल्लो दि विबियो या गावचं 1808 सालचं नाट्यगृह तर जेमतेम 99 खुर्च्यांचं. आपल्याकडे एवढी माणसं नुसती चहाच्या टपरीपाशी उभी असतात.

दृश्य: पेल्यातल्या पाण्यात नळी, बुडबुडे.

सकाळ अशी सुरू होते. सरबताची नळी पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि तिच्यातून सूर काढायचा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते तुटले तर श्वास तुटला. नळी खोल बुडवली की माणूस जोर लावायला लागतो आणि फायदा जातो. ओठ अर्धवट बंद असल्याने तोंडात किंचित उलटा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर न आपटता हलके थरथरतात. पाच मिनिटं पुरतात. या व्यायामाला वीज लागत नाही, पेटी लागत नाही, वडशाच्या किराणा दुकानातली नळी चालते.

मग श्वास. सूर लावल्यावर फासळ्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, त्या बाजूंना उघड्या ठेवून हवा सावकाश सोडायची. शिक्षिकेचे हात गायिकेच्या बरगड्यांवर आहेत ते त्यासाठी.

आपल्या बहुतेक गायिका पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच पट्टीत गातात. काळी चारचा सा धरला तर मध्य सप्तकातल्या धैवताच्या आसपास आवाजाचं पहिलं वळण, म्हणजे छातीचा आवाज डोक्याकडे वळायची जागा, येते. रंगभूमीवर हे वळण न घेता छातीचाच आवाज रेटून तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत, नेतात. टाळ्या तिथेच पडतात आणि गळाही तिथेच झिजतो. ऑपेरात या वळणावर आवाज डोक्याकडे सोडायला शिकवतात. सुरुवातीला तो बारीक, परका वाटतो, आणि गायिका घाबरून पुन्हा छातीवर येते. इथे घाई केली तर मध्ये भेग राहते. म्हणून वरून खाली उतरणारे स्वर आधी, चढते नंतर.

दृश्य: जबड्याचा क्लोजअप. आरशासमोर मान सरळ करणारी गायिका.

माइक नसताना चाळीस-पन्नास वाद्यांवरून आवाज पोहोचतो कसा? स्वीडनचे संशोधक युहान सुंदबेरी यांनी 1970च्या दशकात याचं मोजमाप मांडलं. वाद्यवृंदाचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या, आसपास असतो, त्यापुढे तो उतरत जातो. शिकलेला गायक 3000 हर्ट्झच्या आसपास आवाजात एक झणकार उभा करतो. तिथे वाद्यं कमजोर असतात आणि माणसाचा कान तेज असतो. उंच पट्टीतल्या स्त्रियांचं तंत्र थोडं वेगळं. सूर चढेल तसा जबडा मोकळा सोडून तोंडातली पोकळी त्या सुराशी जुळवायची. त्यात 'ई'चा उच्चार थोडा 'ए'कडे झुकतो, तो झुकू द्यायचा. यात ओरडणं कुठेच नाही.

दृश्य: उच्चारांचा वर्ग. फळ्यावर इटालियन शब्द.

इथे मराठी मुलगी सगळ्यांच्या पुढे निघाली, आणि त्यात नवल नाही. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, श्वास न फेकता. 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला ज त्या भाषेत जसेच्या तसे आहेत. जोडाक्षरावर थांबायची आपल्याला सवयच असते. अडचण अनुस्वाराची. 'न'च्या आधीचा स्वर आपण नकळत नाकातून काढतो, तो तिथे शुद्ध ठेवून 'न' शेवटी टेकवावा लागतो. शिवाय उघडा 'ए' आणि बंद 'ए' वेगळे, ते शब्दागणिक पाठ करावे लागतात.

तानपुरा नसतो, ही मोठी अडचण. ऑस्ट्रियाचा संगीतकार मोत्सार्ट याच्या एकाच गाण्यात आधारस्वर सरकत जातो. कानात सा धरून ठेवणारा गायक तिथे उतरा लागतो. उपाय एकच: पियानोवर खालच्या पट्टीतला स्वर वाजवून घ्यायचा आणि प्रत्येक ओळीचा आधार वेगळा ओळखायचा. मींडही आवरावी लागते. सूर खालून ओढत न आणता थेट जागेवर ठेवायचा.

दृश्य: तालीम. वाद्यवृंद चालवणाऱ्या संवाहकाची काठी.

भूमिका बार्बारिनाची, मोत्सार्टच्या 'ले नोत्से दि फिगारो' या ऑपेरातली. माळ्याची पोर, एक टाचणी हरवलेली. 1 मे 1786 रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला तेव्हा ही भूमिका करणारी आना गॉटलीब बारा वर्षांची होती. चौथ्या अंकाच्या सुरुवातीचं तिचं गाणं दोनेक मिनिटांचं, साथीला फक्त तंतुवाद्यं. लहान म्हणून सोपं समजू नये. ते तार गंधाराच्या आसपासच फिरतं, म्हणजे आपल्या गायिकेच्या रोजच्या टिपेच्या जागी, पण त्या जागी इथे अगदी हलकं गायचं आहे. शिवाय शेवटी ते सा वर येतच नाही. पंचमाच्या आधारावर अधांतरी राहतं आणि दुसरं पात्र येऊन ते तोडतं. आपल्या कानाला ते पुरं करावंसं वाटतं, आणि तालमीत नेमकं तेच होतं.

आपल्याकडे तबला-ऑर्गन गायकाच्या मागे येतात. इथे सगळे काठीच्या मागे. काठी स्वराच्या किंचित आधी पडते, ती डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायची आणि चेहरा प्रेक्षकांकडे ठेवायचा. हालचालींच्या तालमीत मात्र पूर्ण गळ्याने गात नाहीत. अर्ध्या आवाजात, उंच जागा खाली घेऊन गातात. गळा प्रयोगासाठी राखतात. झाडीपट्टीने उचलावी अशी पहिली सवय ही.

बाकी रंगमंच तिला नवा नव्हता. विंगेतून प्रॉम्प्टर बोलतो त्याची सवय होती. इटलीत त्याच्यासाठी रंगमंचाच्या पुढे मध्यभागी खास खळगाच करतात.

दृश्य: प्रयोग. गाणं पूर्ण. निवेदन नाही.

दृश्य: वडसा, धानाच्या बांध्या, पाऊस.

2023 साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात इटलीची ऑपेरा गायनाची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. तिथे त्या परंपरेसोबत गळा सांभाळायची पद्धतही पिढ्यान्‌पिढ्या हातात दिली जाते. आपल्याकडे सन्मान आला, पण गळ्याकडे कंपन्यांचं लक्ष अजून जायचं आहे. खरं तर फार पैसे लागत नाहीत. गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज त्याला ऐकू येईल असा एक स्पीकर त्याच्याकडे तोंड करून ठेवला की ओरडणं आपोआप कमी होतं. माइक तोंडाच्या उंचीला आणला की मान खाली येते. शेकोटी रंगमंचापासून दूर, वारा धूर रंगमंचाकडे नेणार नाही अशा बाजूला. खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. पहाटे प्रयोग संपल्यावर तिखट रस्सा खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही, पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. आणि आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर काढा पुरे, नागपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यायचं.

या हंगामात ती पुन्हा वडशाच्याच एका कंपनीत आहे. इटलीहून पुढच्या उन्हाळ्याचं बोलावणं आलंय, तिकिटाचे पैसे अजून जमलेले नाहीत.