सात नंबरचा खांब

(रात्र. गच्ची. भिंतीवर शेवग्याच्या फांद्यांची ठळक सावली हलते आहे.)

ही सावली चंद्राची नाही. अमावास्या दोन दिवसांवर आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीतल्या दुमजली घराची ही गच्ची, आणि सावली पाडतोय तो समोरचा सात नंबरचा खांब. कठड्यापासून जेमतेम पंधरा फुटांवर. दिव्याचं तोंड खाली रस्त्याकडे असायला हवं. पण बसवतानाच ते थोडं वर उचललेलं राहिलं, आणि बराचसा उजेड रस्ता सोडून इथे वर येतो.

(बाई जिन्यातून दुर्बिणीची नळी घेऊन येतात.)

या बाई. शाळेत विज्ञान शिकवत होत्या, आता निवृत्त. गल्लीत सगळेच त्यांना बाई म्हणतात, त्यांच्या वर्गात कधी न बसलेलेसुद्धा. दुर्बीण आठ इंची आहे, आरशाची. तिचं लाकडी बैठं स्टँड गच्चीवरच प्लास्टिकखाली झाकून असतं. नळी मात्र रोज खालून वर आणायची.

(कपडे वाळत घालायचा स्टँड उघडला जातो. त्यावर काळं कापड.)

आता नीट पाहा, कारण अर्धं आकाशदर्शन इथेच ठरतं. कपड्यांचा स्टँड खांब आणि दुर्बीण यांच्या मधोमध. त्यावर दुहेरी काळं कापड, चिमटे लावून. वारा आला की कापड फुगतं आणि खालून उजेडाची पट्टी आत येते, म्हणून खालच्या काठाला दोन विटा. बाईंनी आधी चादर लावून पाहिली होती. तिच्यातून दिवा आरपार दिसायचा. मग पडद्याचं जाड कापड आणलं.

(दुर्बिणीचं तोंड, अगदी जवळून. बाई योगा मॅटचा तुकडा गुंडाळून बसवतात.)

नळीच्या तोंडाशी हा काळा फोम. व्यायामाच्या जुन्या मॅटचा तुकडा, आतली बाजू खरबरीत, जोडाला वेल्क्रो. दिव्याचा तिरका उजेड थेट नळीत शिरला की आतल्या भिंतीवर आपटून आरशापर्यंत पोहोचतो आणि सगळं चित्र धुरकट होतं. नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब एवढा हा फोम पुढे काढला, की तिरका उजेड बाहेरच अडतो. खर्च शून्य. बाजारात याच कामाची तयार वस्तू मिळते, तिची किंमत बाईंनी सांगितली आणि स्वतःच हसल्या.

(टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद, वर रबरबँड.)

डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या वेळात डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशींमध्ये मंद उजेड टिपणारं रसायन पुन्हा साठत जातं. पांढऱ्या उजेडाचा एक झोत, आणि पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाचा या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून हा कागद. आणि ही काळी पट्टी औषधाच्या दुकानातली, डोळ्याच्या ऑपरेशननंतर बांधतात ती. खाली स्वयंपाकघरात जायचं झालं तर बाई उजव्या डोळ्यावर ती चढवतात. चहा डाव्या डोळ्याने होतो, तारे उजव्याने.

(बाई डोक्यावरून काळं कापड ओढून आयपीसला डोळा लावतात. फक्त पाठ दिसते.)

शेजारचा पाचवीतला मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा घाबरला होता म्हणे.

(दिवसा. रस्ता. खांबांची रांग, खालून वर.)

पूर्वी इथे सोडियमचे दिवे होते. पिवळे-नारिंगी, त्या उजेडात लाल स्कूटरही तपकिरी दिसायची. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने पथदिवे एलईडीवर नेण्याची राष्ट्रीय योजना आणली, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर गावोगाव खांब बदलले. विजेची बचत झाली हे खरंच आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण बसवले गेले ते बहुतेक थंड पांढऱ्या उजेडाचे दिवे. त्यात निळ्याचं प्रमाण जास्त. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, दिवसा आकाश निळं दिसतं ते यामुळेच. हिशेब करायचा तर एलईडीतला निळा प्रकाश सोडियमच्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो. म्हणजे दिव्यातून वर निसटलेला तेवढाच प्रकाश आता आकाश जास्त उजळतो.

त्यात पुण्याचा हिवाळा. संध्याकाळचा धूर, बांधकामांची धूळ, सगळं खाली साचलेलं. बाईंच्या वहीत म्हणूनच दोन गोष्टी अधोरेखित आहेत. एक, अवकाळी पाऊस पडून गेलेली रात्र सोडायची नाही. दुसरी, अकराच्या आत गंभीर काही पाहायला बसायचं नाही. अकरानंतर दुकानांच्या पाट्या विझतात, मंगल कार्यालयाचे फोकस बंद होतात. आणि जे पाहायचं ते शक्यतो डोक्यावर आलं की. क्षितिजाजवळ नजर शहराच्या सगळ्या उजेडातून आणि धुळीतून जाते, खस्वस्तिकाकडे, म्हणजे थेट माथ्यावर, तो थर सर्वांत पातळ.

मृग नक्षत्र याला अपवाद. फेब्रुवारीत ते रात्री साडेआठच्या सुमारास डोक्याजवळ असतं, अकरापर्यंत थांबलं तर पश्चिमेला कलतं. तिथे दुकानांच्या पाट्यांसकटच पाहावं लागतं.

(टाइमलॅप्स. गच्ची, मृग, खाली रस्ता. आठ वाजून पन्नास मिनिटं. अचानक काळोख.)

लाइट गेली.

(वीस सेकंद निवेदन नाही. कुत्रं, दूरचा जनरेटर, कुणीतरी म्हणतं, "बाई, वर या!")

हे ठरवून मिळालेलं चित्रण नाही. कॅमेरा चालू होता, एवढंच. मृगाच्या पट्ट्याखालची तीन अंधुक ठिपक्यांची ओळ आता नुसत्या डोळ्यांनी दिसते आहे. काही क्षणांपूर्वी तिथे काहीच नव्हतं.

पण फ्रेमच्या तळाशी पाहा. क्षितिजावर उजेडाचा पट्टा तसाच आहे. लाइट आपल्या भागाची गेली, शहराची नाही. आकाशगंगा दिसली नाही, दिसणारही नव्हती. बाईंनी मात्र लाइट नसलेल्या या बावीस मिनिटांत एक गोष्ट कायमची ओळखली. शहराच्या आभाळाचा उजेड वेगळा आणि डोळ्यांत घुसणारा दिवा वेगळा. पहिल्याचं एकट्या माणसाला काही करता येत नाही. दुसरा एका खांबावर असतो.

(शिवाजीनगर. अभियांत्रिकी महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत, पुढे रहदारी.)

इथे थोडं मागे जायला हवं, कारण त्या ओळीतल्या मधल्या ठिपक्याचा, म्हणजे मृगाच्या तेजोमेघाचा, चमकत्या वायूच्या ढगाचा, आणि पुण्याचा संबंध जुना आहे. हे अभियांत्रिकी महाविद्यालय, 2022 पासून विद्यापीठ. तेव्हाचं नाव कॉलेज ऑफ सायन्स. 1888 मध्ये इथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांच्याकडे वीस इंची आरशाची दुर्बीण होती, डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातली, त्या काळी देशातली सर्वांत मोठी.

(मृगाच्या तेजोमेघाचं छायाचित्र. त्यावर वर्णपटाची पट्टी, एक हिरवी रेघ.)

तेजोमेघांचा प्रकाश रंगांत फोडला की त्यात एक हिरवी रेघ दिसायची आणि ती कशाची हे कुणालाच सांगता येत नव्हतं. काही शास्त्रज्ञांनी तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं. लंडनमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं वेगळं होतं: तेजोमेघ म्हणजे एकमेकींवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. या सिद्धांतानुसार ती रेघ धूसर काठाची असायला हवी होती. नायगमवाला यांनी पुण्यातून मृगाचा तेजोमेघ तपासला आणि 1891 मध्ये प्रसिद्ध केलं की रेघ दोन्ही बाजूंनी सारखी तीक्ष्ण आहे, म्हणजे लॉकयर यांच्या सिद्धांताशी जुळत नाही. रेघेचं कोडं सुटायला 1927 उजाडलं: आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की हा ऑक्सिजनच आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. वेधशाळा त्याआधीच, 1912 मध्ये बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली होती.

(आयपीस, अगदी जवळून. बाई फिल्टरच्या कडेचे आटे हलक्या हाताने फिरवतात. काचेवर निळसर-गुलाबी झाक.)

आता ही काच. नाण्याएवढी. तिच्यातून मुख्यतः तीच हिरवी रेघ आणि तिच्या शेजारच्या एक-दोन रेघा आत येतात, 486 ते 501 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यानच्या. बाकीचा प्रकाश ती परतवते. शंभर वर्षांवर काळ लोटला, आणि ज्या गावातून ती रेघ मोजली गेली त्याच गावात तिला वेगळं काढल्याशिवाय तेजोमेघाचे पंख दिसत नाहीत.

सोडियमच्या काळात हा फिल्टर फार चांगला चालायचा, कारण त्या दिव्यांचा बहुतेक उजेड पिवळ्या-नारिंगीत. एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला, त्यामुळे थोडा झिरपतोच. दीर्घिकांना तर याचा काहीच उपयोग नाही. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांचा. तो गाळायला गेलं तर दीर्घिकाच जाते. फिल्टर विकणारे हे सांगत नाहीत.

मग शहरात पाहायचं काय? चंद्र, गुरू, शनी. यांना खांबाची पर्वा नाही. जोडतारे. दुर्बिणीची वर्धनशक्ती वाढवली की मागचं आकाश काळवंडतं, तारा मात्र ठिपकाच राहतो. पुनर्वसूतला कॅस्टर असा दोन ताऱ्यांत फुटलेला इथून स्वच्छ दिसतो. तारकागुच्छ दिसतात. पाचवीतला मुलगा तासभर कृत्तिकाच मोजत होता.

(दुपार. सात नंबरचा खांब. शिडी. सोसायटीचा वायरमन वर.)

सोसायटीच्या आतल्या रस्त्याचे दिवे सोसायटीच्याच मालकीचे. बाईंनी बैठकीत विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित होता: अंधार केला तर चोऱ्या होतील. बाईंचं उत्तर, दिवा काढायचा नाही, फिरवायचा आहे. सभासदांना गच्चीवर नेऊन ती सावली दाखवली. ठराव मंजूर झाला.

(पाना, बोल्ट, हात. आवाज मूळचा.)

तेरा नंबरचा पाना. दांड्याला धरणारे दोन बोल्ट. मेन बंद आहे, हे आधी तपासलं. बोल्ट सैल झाले आणि दिव्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली, अगदी आडवं होईपर्यंत. मग गच्चीकडच्या बाजूला पत्र्याची ही पट्टी, आतून काळी रंगवलेली, क्लॅम्पने बसवलेली. वरचे दातेरी पट्टे मात्र मोकळे ठेवायचे. एलईडीची उष्णता तिथून बाहेर पडते, ते झाकले तर दिवा लवकर जातो. वायरमन हे तीनदा सांगतो. बरोबर सांगतो.

(रात्र. दोन फ्रेम शेजारी शेजारी: आधी, नंतर. भिंतीवरची उजेडाची कड खाली सरकत कठड्याखाली जाते.)

(खाली रस्ता. एक बाई कुत्रा घेऊन जाते.)

रस्त्यावर उजेड कमी झालेला नाही. उलट दिव्याच्या बुडाशी थोडा वाढला आहे आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो, पूर्वी डोळे दिपायचे. असा दिवा पहिल्यापासूनच का बसवत नाहीत, याचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही.

(गच्ची, मध्यरात्र. बाई ईशान्येकडे बोट दाखवतात.)

सप्तर्षी वर येत आहेत. शेपटीतला मधला तो वसिष्ठ, त्याला खेटून अरुंधती, चौथ्या प्रतीची, म्हणजे बरीच मंद. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती. हल्ली बऱ्याचदा हॉलच्या छताकडे बोट करून. खांबाच्या उजेडात ती इथून दिसत नव्हती. आता डोळ्याच्या कडेने पाहिलं की सापडते.

(समुद्रकिनारा, ओल्या वाळूवर कासवाचं पिल्लू.)

झळ फक्त ताऱ्यांना नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात, आणि उजळ बाजू समुद्राची नसेल तर चुकतात. कीटक, पक्षी, माणसाची झोप, यादी मोठी आहे. आवाजासाठी देशात 2000 सालचे नियम आहेत, उजेडासाठी तसे नाहीत.

(नकाशा. नागपूरच्या उत्तरेला पेंच.)

महाराष्ट्रातच एका ठिकाणी हे करून झालंय. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे अंधारं आकाश जपणाऱ्या क्षेत्राचा, दर्जा मिळाला, देशात पहिला, आशियात पाचवा. त्याआधी तिथल्या गावांमधले शंभरहून जास्त दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली होती. तिथे जंगल आहे, इथे सोसायटी. पाना तोच लागतो.

(बाई वहीत लिहीत आहेत. पानावर खांबांचे आकडे.)

पाच आणि सहा नंबरचं काम पुढच्या महिन्यात. तुमच्याकडे करायचं असेल तर शिडी लावून स्वतः चढू नका, वायरमनला बोलवा. आठ नंबरचा खांब सोसायटीच्या हद्दीबाहेर, मुख्य रस्त्यावर आहे. त्याचा अर्ज बाईंनी लिहून ठेवलाय, सोबत सात नंबरचे आधीचे आणि नंतरचे फोटो जोडून.