तो स्क्रू आवळण्याआधी: जुन्या व्हॅनचा स्टीअरिंग बॉक्स

(टेबलावर उघडलेला स्टीअरिंग बॉक्स. हात काळे.)

नमस्कार मंडळी! टेबलावर जो काळाकुट्ट लोखंडी गोळा दिसतोय, तो फोक्सवॅगन टाइप २ व्हॅनचा स्टीअरिंग बॉक्स, म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोहोचवणारी पेटी. १९५० साली जिचं उत्पादन सुरू झालं, तीच ही चपट्या तोंडाची व्हॅन. आणि हा बॉक्सच्या डोक्यावरचा स्क्रू बघा. त्याला स्क्रू-ड्रायव्हरची खाच आहे, भोवती लॉक नट आहे. जुन्या व्हॅनवर सगळ्यात जास्त अन्याय कुठे होत असेल तर तो इथे. स्टीअरिंग सैल वाटलं, की आवळ स्क्रू. मीही आवळला होता. प्ले, म्हणजे स्टीअरिंगची मोकळी हालचाल, गेला, मी खूश. मग पहिलंच वळण घेतलं, स्टीअरिंग सोडलं, आणि ते जागचं हललंच नाही. गाडी वळतच राहिली! दोन्ही हातांनी ओढून सरळ केली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

असं का झालं, ते कळलं की अर्धं काम समजलं.

(बॉक्स कॅमेऱ्याजवळ.)

स्टीअरिंगच्या दांड्याला आत हे मळसूत्र जोडलेलं असतं, म्हणजे वर्म. त्याच्या आट्यांत हा रोलर बसतो, आणि रोलर ज्या आडव्या शाफ्टवर आहे (हाच सेक्टर शाफ्ट) त्याच्या बाहेरच्या टोकाला पिटमन आर्म, म्हणजे चाकांकडे हालचाल नेणारा हात. वर्म फिरला की रोलर सरकतो, शाफ्ट थोडासा वळतो, आर्म झुलतो. आधीच्या बॉक्समध्ये रोलरच्या जागी निमुळता खुंटा असायचा, त्याला पेग म्हणतात. तत्त्व तेच.

आता खुबी ऐका. वर्म आणि रोलर यांची पकड सगळीकडे सारखी नसते. चाकं सरळ असताना ती सगळ्यात घट्ट, आणि दोन्ही बाजूंना वळवत गेलं की मुद्दाम थोडी सैल ठेवलेली. पण गाडी आयुष्यभर धावते कुठे? सरळ रस्त्यावर. म्हणून झीज नेमकी मधल्या भागात होते आणि कडेचे आटे कोरे करकरीत राहतात. अशा बॉक्सचा स्क्रू मधल्या झिजलेल्या जागेच्या मापाने आवळला, तर वळताना रोलर त्या कोऱ्या आट्यांवर चढतो आणि आवळून बसतो. माझं तेच झालं होतं. स्क्रू अंतर कमी करतो, गेलेला धातू परत आणत नाही.

पण थांबा, बॉक्स काढायची घाई नको. आधी तो दोषी आहे का ते बघू. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एकाला आत बसवा, स्टीअरिंग लॉक उघडा, आणि स्टीअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली झोपा. सांध्यावर हात ठेवायचा, डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. दांडा आणि बॉक्स यांच्यामधली रबरी कपलिंगची चकती फाटली आहे का? बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण पिटमन आर्म उशिरा हलतोय का? तसं असेल तर बॉक्स. आर्म लगेच हलतोय पण पुढे गोंधळ आहे, तर बॉक्स निर्दोष.

या व्हॅनमध्ये एक खास जागा आहे. ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या वर बसतो, त्यामुळे बॉक्स एक्सलच्याही पुढे. तिथून ड्रॅग लिंक, म्हणजे पिटमन आर्मला जोडलेला दांडा, मागे येते आणि एक्सलच्या मध्यावर असलेल्या स्विंग लिव्हरला फिरवते, आणि चाकांना वळवणारे टाय रॉड त्या लिव्हरवरून निघतात. या लिव्हरचा बुश (ज्यात तो फिरतो ती बाही) ग्रीसअभावी झिजतो आणि खापर बॉक्सवर फुटतं. लिव्हर वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा. नुसता फिरायला हवा, डुलायला नको.

बॉक्सच दोषी ठरला? मग काढू.

(पुलर हातात.)

चाकं सरळ करा. आर्म आणि शाफ्ट दोघांवर मिळून एक खूण करा. छिन्नीने हलकी रेघ पुरे. पेनची खूण डिझेलने धुताना जाते, हे मी अनुभवाने सांगतोय. आर्म पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या हत्यारानेच, काढायचा. हातोडी मारलीत तर तो धक्का शाफ्टमधून थेट रोलर आणि वर्मवर जातो. लाल होईपर्यंत तापवणंही नको, कडक केलेलं पोलाद मऊ पडतं.

तेल एका स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक करडी भुकटी चालेल. चमकणारे कण किंवा पापुद्रे निघाले तर पृष्ठभाग सोलला गेलाय. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

मग झाकण, सेक्टर शाफ्ट, शेवटी वर्म. वर्मच्या झाकणाखाली शिम असतात, पातळ पत्र्याच्या चकत्या. मोजा, त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

(कॅमेरा वर्मच्या मधल्या आट्यावर.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाग धुऊन, पुसून उजेडात धरा आणि नख फिरवा. मधल्या आट्यावर नुसती चकाकी असेल तर उत्तम. नख अडकलं, खड्डे दिसले, तर तो वर्म गेला. रोलर त्याच्या पिनवर डुगडुगतोय का, बेअरिंगच्या कपांत गोळ्यांचे ठसे उमटलेत का, तेही बघा. शाफ्टवर जिथे ऑइल सील बसतं तिथे खाच पडली असेल, तर नवं सील घालूनही तेल गळणारच. तिथे पातळ दुरुस्ती बाही बसवता येते.

बेअरिंग, बुश, सील बदला, त्यात वाद नाही. पण खड्डे पडलेल्या वर्मवर वेल्डिंग भरून घासायची कल्पना कुणी दिली, तर हात जोडून नाही म्हणा. वरचा कडक थर त्या उष्णतेने जातो, तडेही जाऊ शकतात. दुसरा वर्म मिळेपर्यंत गाडी उभी राहू दे.

जोडताना क्रम पाळा. आधी फक्त वर्म, सेक्टर शाफ्टशिवाय. शिम कमी-जास्त करून बेअरिंगवर हलका ताण आणायचा. तो मोजायला शाफ्टभोवती दोरी गुंडाळून ताणकाटा लावतात. आकडा तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या, माझ्या तोंडचा नको. हाताला मात्र वर्म गुळगुळीत आणि अजिबात मागे-पुढे न हलणारा लागला पाहिजे. मग सेक्टर शाफ्ट. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या उभ्या दात्यांवर, चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय त्यावरून सील सरकवू नका, सीलचा ओठ फाटतो.

आता मध्य शोधायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा. समजा साडेतीन भरले, तर पावणेदोन मागे या. तिथे, आणि फक्त तिथेच, त्या बदनाम स्क्रूला हात लावायचा. प्ले जेमतेम संपला की थांबा, स्क्रू धरून ठेवून लॉक नट आवळा. नट आवळताना स्क्रू हळूच फिरतो, म्हणून परत तपासा. मग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मधोमध किंचित जड लागेल, कडेला हलकं. उलटं लागलं तर कुठेतरी चुकलंय.

तेल एसएई ९० गिअर ऑइल. बॉक्स गळतो म्हणून ग्रीस ठासणारे बरेच भेटतात. ग्रीसमध्ये वर्म स्वतःपुरता बोगदा करतो आणि आत कोरडा फिरत राहतो.

गाडीवर चढवताना बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, खुणा जुळलेल्या. चाकं सरळ असूनही स्टीअरिंगचं चक्र वाकडं दिसलं तर चक्र काढून स्प्लाइनवर सरळ बसवा. बॉक्स फिरवून नको, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी बॉक्सच्या सैल भागावर चालेल. लॉकिंग नट आणि पत्रे नवे घाला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, मग अलाइनमेंट.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, अगदी हळू. वळा, पकड सैल करा, हात चक्राजवळच ठेवा. बघा, कसं आपलं आपण परत येतंय!

(चक्र बोटांमधून सरकत सरळ होतं.)

रात्री बॉक्सखाली एक पुठ्ठा ठेवतोय. सकाळी त्यावर डाग दिसला तर खालचं सील पुन्हा काढावं लागेल.