डिकीचा फाळका: दोन भागांत उघडणारं मागचं दार

श्रोतेहो, नमस्कार.

एसयूव्ही घ्यायला गेलेली माणसं बॉनेट उघडून बघतात, सनरूफ मागेपुढे करून बघतात, स्क्रीनवर बोटं फिरवतात. डिकी मात्र सेल्समन उघडतो आणि सेल्समनच बंद करतो. गाडी घरी आल्यावर सगळ्यात अंगमेहनतीचं काम त्याच दारापाशी होतं. टोमॅटोचे क्रेट, किराण्याची पोती, आजीची व्हीलचेअर, लग्नाच्या बॅगा, सगळं तिथूनच चढतं आणि तिथूनच उतरतं. म्हणून आज फक्त या मागच्या दाराबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही दोन भागांत उघडणाऱ्या डिकीबद्दल.

ही डिकी कशी असते? दोन्ही तळहात छातीसमोर उभे धरा, एक वर आणि एक खाली. आता वरचा हात वर उचला आणि खालचा पुढच्या बाजूला आडवा पाडा. गाडी चालवत ऐकत असाल तर हात स्टिअरिंगवरच राहू द्या, पुढे ऐकून चित्र लक्षात येईल. वरचा भाग काचेसकट झाकणासारखा वर जातो, खालचा भाग ट्रकच्या फाळक्यासारखा खाली आडवा होतो. ट्रकचा फाळका साखळ्यांवर टांगलेला असतो, गाडीचा दोन बाजूंच्या पोलादी दोऱ्यांवर किंवा पट्ट्यांवर. आपण वरच्या भागाला झाकण म्हणू आणि खालच्याला फाळका.

ही रचना नवी नाही. रेंज रोव्हर १९७० साली आली तीच असं दार घेऊन, आणि आजही तिने ते सोडलेलं नाही. बीएमडब्ल्यू एक्स फाइव्हच्या पहिल्या चार पिढ्यांत ते आहे. व्होल्व्होच्या पहिल्या एक्ससी नाइन्टीला होतं, दुसऱ्या पिढीत गेलं. टोयोटाच्या लँड क्रूझर २०० ला होतं, २०२१ मध्ये आलेल्या ३०० ला एकसंध दार आलं. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं हे दार बनवलं, त्यांच्यातही एकमत नाही. आपल्या रस्त्यांवर फॉर्च्युनर, हॅरिअर यांची डिकी एकसंध वर उचलली जाते, बोलेरो आणि स्कॉर्पिओ-एनचं दार बाजूला उघडतं. आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या तीन दारी थारच्या हार्डटॉपला मधला मार्ग आहे: काच वर जाते आणि खालचं दार स्टेपनीसकट बाजूला फिरतं. तिलाही दोन भागांची डिकी म्हणतात, पण तिचा हिशेब वेगळा. बाजूला फिरणाऱ्या दाराला मागे स्वतःच्या रुंदीइतकी जागा लागते आणि बसायला फळी मिळत नाही.

आता फायद्याकडे येऊ. पहिला फायदा जागेचा. वर उचललं जाणारं दार ज्या क्षणी आडवं होतं, त्या क्षणी ते स्वतःच्या लांबीइतकं मागे आलेलं असतं. दाराची लांबी ११० सेंटिमीटर धरली, तर भिंत आणि गाडी यांच्यात किमान ११० सेंटिमीटर मोकळे हवेत. तेच दार ६५ आणि ४५ असं विभागलं, तर नुसतं झाकण उघडायला ६५ पुरतात. इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इथल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून गाडी लावणाऱ्यांना या ४५ सेंटिमीटरचं मोल चांगलं कळतं. वरच्या बाजूलाही तेच. एकसंध दार आडव्याच्याही वर जातं, त्याचा काठ सहज दोन मीटरच्या पुढे पोचतो, आणि तळमजल्यावर तिथे नेमका बीम किंवा ड्रेनेजचा पाइप असतो. झाकण आखूड असल्याने काठ तेवढा उंच जात नाही. कमी उंचीच्या माणसाला दार ओढून बंद करायला टाचा उंचवाव्या लागत नाहीत, हा त्यातलाच लाभ.

दुसरा फायदा घाटातला. सप्तशृंग गडाच्या चढावर गाडीचं तोंड वर आणि शेपूट खाली असतं. सामान घरंगळून दाराला टेकलेलं असतं. एकसंध दार उघडलं की नारळ, पाण्याच्या बाटल्या, डबे पायाशी. दोन भागांच्या डिकीत फाळका बंदच ठेवायचा, झाकण उघडायचं आणि हवं ते वरून काढायचं. कलिंगडं किंवा सुटे कांदे भरून आणणाऱ्याला हा बांध फार उपयोगी.

तिसरा फायदा सगळ्यांना आवडतो, तो म्हणजे बसायची फळी. गंगापूर धरणाच्या काठी डबा उघडायला, शेतातून आल्यावर चिखलाचे बूट बदलायला, द्राक्षांची पेटी टेकवून मणी बघायला. पण या फळीवर किती वजन चालतं हे विचारल्याशिवाय बसू नका. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, आणि प्रत्येक गाडीचा वेगळा असतो.

तो आकडा का पाळायचा, ते हिशेबाने पाहू. ७५ किलोची दोन माणसं फाळक्यावर बसली, बिजागरीपासून ३५ सेंटिमीटरवर. दोऱ्या बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर बांधलेल्या आहेत आणि फाळक्याशी ३० अंशांचा कोन करतात. भार १५० किलोचा, पण दोऱ्या तिरप्या असल्याने दोघींवर मिळून ताण येतो ३५० किलोचा, म्हणजे प्रत्येकीवर १७५. कोन ४५ अंशांचा असता तर तोच ताण प्रत्येकी सुमारे १२५ वर आला असता. म्हणून दोरी जितकी आडवी, तितकी ती जास्त सोसते. हा झाला शांत बसण्याचा भार. पोरं उडी मारून बसली की क्षणभर तो कितीतरी पटीने वाढतो. एक दोरी तुटली तर सगळं ओझं दुसरीवर जातं, फाळक्याला पीळ बसतो, आणि पिळलेला फाळका परत कधीच नीट लागत नाही. शक्य तितकं आत, बिजागरीजवळ बसा. काठावर उभं राहून कॅरिअरवर सामान बांधू नका.

आता तोट्यांकडे. सगळ्यात मोठा तोटा कमरेचा आहे, आणि माझ्या मते खरेदीचा निर्णय इथेच व्हायला हवा. उघडा फाळका तुमच्या आणि सामानाच्या मधे ४०-४५ सेंटिमीटरचं टेबल होऊन उभा राहतो. २० किलोचा क्रेट अंगाजवळ, कमरेपासून २५ सेंटिमीटरवर धरला, तर पाठीवर जितका ताण येतो, त्याच्या अडीचपटीहून जास्त ताण तोच क्रेट ६५ सेंटिमीटरवर वाकून उचलताना येतो. पिंपळगावच्या मार्केटला रोज १५-२० क्रेट नेणाऱ्याला हे परवडणारं नाही. त्याला एकसंध दारच बरं, बंपरला गुडघे टेकवून उभं राहता येतं.

क्रेट आत घालताना मात्र फाळका उलट मदतच करतो: आधी फाळक्यावर टेकवायचा, मग ढकलायचा. त्रास आहे तो बाहेर काढताना, आत सीटला टेकलेला क्रेट ओढताना. यावर उपाय आहे. डिकीत जाड, गुळगुळीत प्लास्टिकची शीट किंवा पातळ प्लायवूड अंथरा, फाळक्याकडच्या काठाला दोर बांधा, आणि शीटच ओढून क्रेट फाळक्यापर्यंत आणा. फाळका आणि डिकीची फरशी एका पातळीत आहे का, तेही बघा. दोन-तीन सेंटिमीटरची पायरी असली तरी क्रेटचा तळ अडतो.

पावसाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात एकसंध दार डोक्यावर छत्री धरतं. आखूड झाकणाची छत्री ६५ सेंटिमीटरचीच, आणि त्याच्या काठावरून पडणारं पाणी उघड्या फाळक्यावर पडून बिजागरीच्या फटीत उतरतं. त्या फटीत आधीच कांद्याची टरफलं, माती, द्राक्षांचे देठ साचलेले असतात. फाळक्याच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बुजतात. पाणी पत्र्याच्या दुमडीत साचतं आणि गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा आतून बराच खाल्लेला असतो. जुन्या रेंज रोव्हरच्या झाकणाची पोलादी चौकट याच गंजासाठी बदनाम आहे. पावसाळ्यात दर १५ दिवसांनी दात कोरायच्या काडीने ही भोकं मोकळी करा. खिळा वापरू नका, रंग खरवडला जातो. पावसाळ्याआधी दुमडीत वॅक्सचा फवारा मारून घ्या.

धुळीचंही बघा. गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ मागच्या काचेकडे ओढली जाते. एकसंध दाराला भोवती एकच रबर बीडिंग असते. दोन भागांच्या डिकीत मधे आणखी एक आडवा सांधा असतो, आणि त्याच्या दोन टोकांना तीन पत्रे एकत्र येतात. पेठ-सुरगाण्याच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांत धुळीची रेघ दिसली, तर दोष तिथेच आहे.

तपासणी सोपी आहे. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी बीडिंगवर ठेवून दार बंद करा आणि पट्टी ओढा. घट्ट वाटली तर ठीक, अलगद निघाली तर तिथे फट आहे. वीतभर अंतरावर हे करत पूर्ण फेरी मारा. बीडिंग ठीक असूनही पट्टी सैल असेल, तर दार सरकलंय. तेव्हा गॅरेजवाल्याला लॉकच्या समोरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं ती धातूची कडी, आधी मार्करने आखून घ्यायला सांगा. मग त्याचे बोल्ट काढायचे नाहीत, फक्त सैल करायचे, आणि स्ट्रायकर मिलिमीटरभर आत घ्यायचा. बीडिंगला सिलिकॉनचा स्प्रे लावा. डिझेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि सुटून येतं.

बंद करण्याचा क्रम सरळ आहे: आधी फाळका, नंतर झाकण. बहुतेक गाड्यांत झाकणाचं लॉक फाळक्यावरच्या स्ट्रायकरमध्ये बसतं. फाळका नीट न लागता झाकण आपटलं की स्ट्रायकर वाकतो आणि मग रोज दोनदा आपटावं लागतं. घरात गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम दाखवून द्या. लहान मुलांची बोटं मधल्या सांध्यात आणि बिजागरीच्या फटीत सापडतात, तेवढं भान हवंच.

फाळका उघडा ठेवून गाडी चालवू नका, लांब पाइप किंवा शिडी न्यायची असली तरीही. पुष्कळ गाड्यांत नंबरप्लेट फाळक्यावर असते, ती दिसेनाशी होते. त्याहून गंभीर म्हणजे मागच्या कमी दाबामुळे सायलेन्सरचा धूर डिकीतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे कुणाला कळतही नाही. मागे टो हुक, म्हणजे दुसरी गाडी किंवा ट्रेलर ओढायचा आकडा, बसवला असेल तर फाळका त्यावर आदळत नाही ना, हे पहिल्यांदा हाताने सावकाश उघडून तपासा.

खर्चाचं म्हणाल तर मागून हलकी धडक बसल्यास नुसता फाळका बदलून भागू शकतं, काच आणि झाकण वाचतं. पण लॉक दोन, बिजागऱ्यांच्या जोड्या दोन, वायरिंगचे फाटे दोन. नंबरप्लेटचा दिवा लुकलुकला, कॅमेरा मधेच गेला किंवा काचेवरचं दव पुसलं जाईना, की आधी रबराच्या नळीतल्या वायरी बघायला सांगा. दार उघडझाप होताना त्या तिथेच वाकतात आणि आवरणाच्या आत तांबं तुटतं. जोड वाकणाऱ्या जागी देऊ नये. बहुतारी लवचिक वायर घालून जोड नळीच्या बाहेर, दोन्ही टोकांना, सोल्डर करून घ्यावेत.

आता थंडी. जानेवारीत निफाडला पहाटे झाकण वर थांबेना झालं, तर लगेच बिघाड समजू नका. झाकण वर तोलून धरणाऱ्या दोन बाजूंच्या नळकांड्या म्हणजे गॅसचे शॉकअप, आणि त्यांच्यातला दाब तापमानाबरोबर उतरतो. ३५ अंशांवरून ८ अंशांवर आलं की तो सुमारे ९ टक्के कमी होतो. दुपारच्या उन्हातही झाकण खाली येत असेल, तर मात्र शॉकअप संपलेत. बदलताना दोन्ही एकदम बदला. झाकणाला भक्कम लाकडी दांडा लावा, मगच शॉकअपच्या टोकाची क्लिप पेचकसाने थोडीशी उचलून शॉकअप ओढा. क्लिप पूर्ण बाहेर काढायची गरज नसते. नवा लावताना, डिकी बंद असताना शॉकअपची बारीक दांडी खाली येईल असा बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. जुने शॉकअप कापायचे किंवा जाळायचे नाहीत, आत दाब असतो.

शोरूमला जाताना टेप न्या, आणि जमलं तर भरलेला एक क्रेटही. फाळका उघडून त्याच्या दोन्ही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा. जुनी गाडी असेल आणि उंचीत फरक आला, तर फाळका पिळलेला आहे. दोरीच्या टोकाला जिथे धातूची टोपी दाबलेली असते, तिथे एखादी तार सुटलेली दिसते का बघा. मग घरात जो माणूस रोज सामान चढवतो, त्याला तो क्रेट आत ठेवून परत बाहेर काढायला सांगा, पाच वेळा. पाचव्या वेळी त्याचा हात कमरेवर जातो का, एवढंच पाहा.

नमस्कार.