तक्ता दप्तरात ठेवू नका

(दृश्य: दुसरीचा वर्ग, हजेरी.)

त्याचं नाव पुकारलं की शेजारची मुलगीच ओरडते, "आलाय!" त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. ऐकू येतं, समजतं. ओठ-जिभेचे स्नायू साथ देत नाहीत. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला. प्रवेश मिळतो. वर्गात बोलायचं कसं, हे मात्र शाळेलाच बसवावं लागतं.

(दृश्य: टेबलावर चित्रांचा तक्ता.)

तोंडाने बोलता येत नाही, तर चित्रावर बोट ठेवून सांगायचं, त्यासाठी हा तक्ता. आडव्या ए-फोर कागदावर 6 सेंटिमीटरचे 12 चौकोन बसतात. बहुतेक तक्ते इथेच फसतात: सफरचंद, हत्ती, बस. अशा तक्त्यावर भांडता येत नाही. आधी हवेत हवं, नको, अजून, थांब, झालं, मदत, दुखतंय, शू, मी, तू, काय, चल. जागा ठरल्या की बदलायच्या नाहीत, हाताला त्या पाठ होतात. लॅमिनेशन चकाकणारं नको, ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र दिसत नाही.

तक्त्याआधी खुर्ची. पाय टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीवर. तोल सांभाळण्यातच ताकद गेली तर बोट चौकोनापर्यंत पोचत नाही. हात अजिबात स्थिर नसेल, तर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या चार कोपऱ्यांत चित्रं लावून नजरेने निवडू द्यावं.

(दृश्य: बाई बोलता बोलता बोट ठेवतात.)

"दाखव बरं, पाणी कुठंय?" ही झाली परीक्षा. त्याऐवजी बाईंनी "अजून हवं?" म्हणताना स्वतःच दोन्ही चौकोनांवर बोट ठेवावं. वर्गातल्या मुलांनीही. मग मनात दहा अंक मोजत गप्प राहायचं. मोठ्यांना हेच जमत नाही. तिसऱ्या अंकाला प्रश्न पुन्हा येतो आणि मूल सोडून देतं.

तक्त्यामुळे वाचा खुंटते, ही भीती घरचे हमखास बोलून दाखवतात. तसं होत नाही.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' अ‍ॅप मोफत आहे, चित्राला बोट लावलं की मोबाइल बोलतो. तरी कागद जवळ असू द्या. त्याला चार्जिंग लागत नाही.

(दृश्य: पोषण आहाराची पंगत.)

त्याने खिचडीला 'नको' दाखवलं, तर वाढायची नाही. दोनदा दुर्लक्ष झालं की तो चौकोन त्याच्यासाठी निरुपयोगी ठरतो. अक्षरं येऊ लागली की तक्त्याच्या मागे मुळाक्षरं चिकटवा. पुढची चित्रं मोठ्यांनी निवडलेली असतात. मागून त्याला मित्राचं नाव लिहिता येतं, आणि एखादी शिवीसुद्धा.