चुंबक, मँगनीज आणि आईचा डबा

"चुंबक चिकटलं की स्टील बनावट" असं म्हणत स्टीलचं भांडं लोहचुंबक लावून कोण कोण पारखतं? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! माझी तक्रार तीच आहे, आणि ती चाळीस वर्षं जुनी आहे.

आईनं नागपूरच्या इतवारी बाजारातून पोह्यांसाठी स्टीलचा खोल डबा आणला होता. शेजारच्या काकूंनी तळाला चुंबक लावलं, ते घसरून पडलं. मग वळणावर, काठाजवळ लावलं, तर हलकंसं धरलं. "पाहा वो, चिपकते! फसवलं तुमाले." झालं. आईनं तो डबा फळीच्या पार मागे ढकलला, पाहुण्यांसमोर कधी काढला नाही. पैसे साठवून घेतलेला डबा हो! आणि तो अस्सल होता.

अशा स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, बाकी बहुतेक लोखंड. लोखंड चुंबकाला चिकटतं, निकेलही चिकटतं. पण एकत्र वितळले की अणूंची मांडणीच बदलते आणि चुंबकाची ओढ जाते. डबा खोल करताना प्रेसखाली पत्रा ताणला जातो. जिथे जास्त ताणला, तिथे थोडे अणू जुन्या मांडणीत परततात. तळ ताणला जात नाही, म्हणून तिथे चुंबक घसरतं. उलट, तुमच्या खिशातलं रुपयाचं नाणं पाहा. तेही स्टेनलेस स्टीलच, पण निकेलशिवायचं. चटकन चिकटतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. विषय तर आत्ता सुरू होतोय! भरभर सांगतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉन एक इवलंसं चुंबक असतो. जोडी जमली की दोघं एकमेकांना रद्द करतात. तांब्याचं, ॲल्युमिनियमचं असंच काहीसं. लोखंडाच्या सुट्या अणूत चार इलेक्ट्रॉन बिनजोडीचे. मग आपल्या मनसरच्या खाणीतलं मँगनीज घ्या: त्याच्यात पाच! तरी शुद्ध मँगनीजला चुंबक ढुंकून बघत नाही. कारण नुसते बिनजोडीचे इलेक्ट्रॉन पुरत नाहीत, शेजारच्या अणूंनी एकाच दिशेला तोंड करावं लागतं. लोखंड, कोबाल्ट, निकेल यांना ते जमतं. तेही ठरावीक तापमानापर्यंतच. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ओळ मोडते.

१९०३ साली जर्मनीत फ्रिट्झ हॉयस्लर यांनी तांबं, मँगनीज आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू दाखवला. तिघांपैकी एकही चुंबकीय नाही, मिश्रधातू मात्र चुंबकीय! मँगनीजच्या अणूंमधलं अंतर बदललं आणि ते एका दिशेला वळले. उलट लोखंडात बारा-तेरा टक्के मँगनीज आणि जरा कार्बन घाला, चुंबकत्व जातं. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगला हेच टणक पोलाद वापरतात. म्हणजे धातूचं नाव विचारून भागत नाही, अणू कसे बसलेत ते विचारावं लागतं.

वेळ संपली. आईचा डबा टेबलावर ठेवलाय, शेजारी चुंबक आहे. जाताना आधी तळाला लावा, मग काठाला.