नव्या ओळीचं बटण का चालत नाही?

(पडद्यावर किराणा मालाची यादी. तीन ओळी, प्रत्येकीपुढे कचरापेटीचं चिन्ह असलेलं बटण.)

तांदूळ, तूरडाळ, गूळ. गुळापुढचं बटण दाबलं, गूळ गेला. आता वरच्या चौकटीतून यादीत 'पोहे' घातले. ओळ आली, बटणही आलं. दाबलं, पुन्हा दाबलं. काहीच होत नाही. आणि ब्राउझर जिथे चुका दाखवतो, तो कन्सोल कोरा करकरीत.

पान उघडलं तेव्हा जावास्क्रिप्टच्या क्वेरीसिलेक्टरऑलने त्या वेळी हजर असलेली ३ बटणं गोळा केली आणि ॲडइव्हेंटलिसनरने प्रत्येकाला लिसनर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन, जोडलं. लिसनर पानावरच्या त्या एका घटकाला, म्हणजे एलिमेंटला चिकटतो, सगळ्या बटणांना दिलेल्या सामायिक नावाला, म्हणजे क्लासला नाही. पोह्यांच्या बटणाचा क्लास तोच, पण त्याला कुणी काही जोडलेलंच नाही.

मग घाईत बटणांना लिसनर जोडणारा तोच लूप पुन्हा फिरवला जातो. पोहे चालू लागतात, पण तांदळावर आता दोन लिसनर बसलेत, म्हणजे एका क्लिकला सर्व्हरकडे दोन रिक्वेस्ट. नाव असलेलं एकच फंक्शन दिलं असतं, तर ब्राउझरने ते दुसऱ्यांदा जोडलं नसतं. लूपमधलं निनावी फंक्शन मात्र दर फेरीला नवंच असतं.

(बटणापासून डॉक्युमेंटपर्यंत वर जाणारी रेघ.)

क्लिक बटणावर थांबत नाही. बटणावरून ओळीवर, तिथून यादीवर, बॉडीवर, डॉक्युमेंटवर असा तो चढत जातो. हेच बबलिंग. म्हणून लिसनर एकच, आणि तोही यादीच्या यूएलवर, म्हणजे सगळ्या ओळी ज्याच्या पोटात असतात त्या एलिमेंटवर. ओळी १० असोत की १०००, यूएल जागचं हलत नाही. क्लिकसारख्या घटनेला इव्हेंट म्हणतात; क्लिक नेमका कोणत्या एलिमेंटवर झाला, ते इव्हेंटचं टार्गेट सांगतं.

इथेच बहुतेकांची फसगत होते.

(बटण मोठं करून. कर्सर कडेला, मग मधोमध.)

कडेला दाबलं तर ओळ जाते, मधोमध दाबलं तर नाही. कारण मधोमध एसव्हीजी या चित्रप्रकारातलं चिन्ह आहे आणि तिथे टार्गेट म्हणून बटण येत नाही, चिन्हातली रेघ, म्हणजे पाथ येतो. 'टार्गेटचा क्लास बटणाचा आहे का?' ही तपासणी तिथे नापास. त्याऐवजी टार्गेटवर क्लोजेस्ट चालवायचं आणि त्याला बटणाचा सिलेक्टर, म्हणजे ते ओळखायची खूण द्यायची. तो स्वतःपासून वर शोधत जातो. काहीच सापडलं नाही, म्हणजे नल आलं, तर क्लिक दुसरीकडेच झालाय, तिथूनच रिटर्न.

सगळेच इव्हेंट असे वर चढत नाहीत. फोकस आणि ब्लर, म्हणजे एखाद्या चौकटीत शिरणं आणि तिथून बाहेर पडणं, चढत नाहीत. त्यांच्याऐवजी फोकसइन, फोकसआउट. माउसएंटरच्या जागी माउसओव्हर. चित्राचा लोड किंवा एरर वरून पकडायचा, तर ॲडइव्हेंटलिसनरला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू द्यायचं, म्हणजे तो कॅप्चर टप्प्यात, खाली उतरताना सापडतो. आणि मध्येच कुणी स्टॉपप्रोपगेशन लिहून ठेवलं असेल, तर क्लिक यूएलपर्यंत पोचतच नाही. असा बग शोधताना आधी तेच धुंडाळावं.

जुन्या प्रोजेक्टांत जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं, नंतर आलेल्या बटणांनाही लागू होणारं लाइव्ह अजून दिसतं. १.९ आवृत्तीत ते काढून टाकलं. त्याची जागा ऑनने घेतली. पण नुसतं ऑन लिहून भागत नाही. यादीवर ऑन, पहिलं आर्ग्युमेंट क्लिक, दुसरं बटणाचा सिलेक्टर. हे दुसरं गाळून ऑन थेट बटणांवर लावलं, की पोह्यांचं बटण पुन्हा मुकं.